कंदीलवाल्या अण्णांचा नंबर

जगात घाई नावाची एक गोष्ट असते, हे माझ्या दाजींना अजून कुणी कळवलेलं नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राधानगरीच्या अलीकडं एका गावात त्यांचं घर, थोडं भात, थोडा ऊस आणि गोठा. दाजींची वाट बघण्यात माझ्या आयुष्यातले जेवढे तास गेले तेवढे शाळेतही गेले नसतील. मी पडलो उतावळा माणूस, सिग्नल हिरवा व्हायच्या आधी हॉर्न वाजवणाऱ्यांतला. आणि दाजी? अक्काच्या लग्नात अंतरपाट दूर झाला, अक्कानं चटकन हार घातला, मांडवात टाळ्या झाल्या. आता दाजींचा हार. दाजींनी तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, त्यातली एक सुटत आलेली गाठ शोधून काढली, ती नीट बांधली, शेजारच्या मामाला "आता टिकंल" असं सांगितलं आणि मग कुठं घातला. तोवर वाजंत्रीवाले दमून थांबले होते. नवरीचा भाऊ म्हणून नवरदेवाचा कान पिळायचा मान माझा. आधीच वैतागलेलो, त्यामुळं मी कान जरा जोरातच पिळला. दाजी वळून म्हणाले, "पावणं, सावकाश. दुसरा बी हाय." तेव्हापासून मी त्यांच्यावर चिडायचा प्रयत्न करतोय आणि एकदाही ते धड जमलेलं नाही.

एसटीत चढताना दाजी आधी म्हाताऱ्यांना चढू देणार, मग लेकुरवाळ्यांना, मग डोक्यावर बोजा असलेल्यांना, आणि इतक्यात कंडक्टर घंटी मारून मोकळा होणार. दाजी स्टँडवर तसेच, शांत. "मागनं दुसरी येतीया की." जेवताना भाकरीचा तुकडा मोडला की तो आमटीला लावायचा की खर्ड्याला, हा निर्णय ते प्रत्येक तुकड्याला नव्यानं घेतात. पंगत उठते, वाढपी जेवून हात धुतात, दाजी अजून भातावर आलेले नसतात. आणि गंमत अशी की या माणसाचं आयुष्यात काहीही राहून गेलेलं नाही. लावणी वेळेवर, कापणी वेळेवर, दोन्ही मुलींची लग्नं वेळेवर. घाई न करता हे सगळं कसं उरकलं, याचा हिशेब मला आजवर लागलेला नाही.

गावच्या दूध संस्थेत दाजींनी तीस वर्षं दूध मापून घेतलं. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन रांगेत उभे, आणि रांगेच्या तोंडाशी दाजी. तिथला कायदा एकच, ज्याचा नंबर त्यानं पुढं यायचं. एकदा गावचे सरपंच जीपमधून उतरून थेट मापाशी आले. दाजींनी किटलीकडं बघितलं, सरपंचांकडं बघितलं आणि अतिशय आदरानं म्हणाले, "सरपंच तुम्ही पंचायतीत. हितं तुम्ही अकरावं." सरपंच मुकाट्यानं अकरावे उभे राहिले. त्याच रांगेत एक म्हातारी जेमतेम अर्धा लिटर दूध घेऊन यायची. तिचं माप घ्यायला दाजी तेवढाच वेळ लावायचे जेवढा मोठमोठ्या कॅनवाल्यांचं घ्यायला. मागचे कुरकुरायचे. दाजी मापावरची नजर न हलवता म्हणायचे, "दूध कमी हाय, माणूस कमी न्हाय." मग पुढं कुणी कुरकुरत नसे, निदान मोठ्यानं.

गेल्या वर्षी भर पावसाळ्यात दाजींना अर्धांगाचा हलका झटका आला. जिवावरचं हातावर निभावलं. पाय सुधारले, बोलणंही सुधारलं. ते आधीच इतकं सावकाश होतं की फरक फक्त डॉक्टरांना कळला. पण उजव्या हाताची बोटं काही मिटेनात. मूठ वळायची नाही, अंगठा दाबला जायचा नाही. दुसऱ्या कुणाचा हात गेला असता तर लिहिण्यावाचून, जेवण्यावाचून अडलं असतं. दाजींचं अडलं ते चंद्रीपाशी.

चंद्री ही त्यांची म्हैस. गोठ्यात दोन म्हशी. एक शहाणी, कुणीही धार काढावी. दुसरी चंद्री. दाजींच्या दोन्ही हातांशिवाय ती कुणाला पान्हा सोडत नाही. अक्कानं सगळे उपाय केले. पुढं पेंडीच्या आंबोणाची पाटी ठेवली, रेडकू पाजून बघितलं, शेवटी दाजींचा सदरा अंगात घालून, डोक्याला दाजींचा टॉवेल गुंडाळून ती धारेला बसली. चंद्रीनं मान वळवून सदऱ्याचा नीट वास घेतला आणि मग लाथ मारली. बादली उकिरड्यात आणि अक्का गव्हाणीत. पाय बांधून जेमतेम थोडं दूध निघायचं, बाकीचं कासेत राहायला लागलं. असं फार दिवस चाललं तर कास सुजते आणि जनावर हातचं जातं, हे अक्काला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिनं मला फोनवर स्पष्ट सांगितलं, "दिवाळीपतोर बघायचं. तुझ्या दाजींची मूठ वळली तर चंद्री ऱ्हाईल. न्हाय तर मलकापूरचा एक व्यापारी मागतोय, त्याला द्यायची. माझ्या जिवावर आलंय रं, पर जनावराचं हाल बघवत न्हाईत." दाजींना हे माहीत होतं.

हाताच्या व्यायामासाठी दाजी दोन महिने आमच्याकडं कोल्हापुरात, कसबा बावड्यात राहायला आले. रोज सकाळी व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडं जायचं, आणि बाकी दिवसभर त्यांनी दिलेला रबरी चेंडू दाबायचा. पहिल्या दिवशी दाजींनी चेंडू हातात घेऊन बराच वेळ निरखला.

"पावणं, ह्यो दाबून काय निघतंय?"

"काही नाही, दाजी. नुसता दाबायचा."

"दूध न्हाय?"

"नाही."

"रस बी न्हाय?"

"अहो रबराचा चेंडू तो."

दाजींनी तो अलगद टीपॉयवर ठेवला, आणि त्यानंतर महिनाभर तो तिथंच होता. डॉक्टरीणबाई रागावल्या, बायकोनं समजावलं, मी आवाज चढवला. दाजी सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. पण ज्यातून काही निघत नाही ते दाबत बसायचं, हे त्या माणसाच्या बुद्धीला पटतच नव्हतं. एकदा दुपारी मात्र मी पाणी प्यायला उठलो तर दाजी गॅलरीत एकटे बसले होते. डाव्या हाताची चार बोटं त्यांनी खाली सोडली होती, आणि उजव्या हातानं ते एकेक बोट धरून धार काढल्यासारखं ओढू बघत होते. उजवा हात घसरत होता. मी पाणी न पिताच परत फिरलो.

आता माझ्या एका व्यसनाची कबुली द्यायला हवी. व्यसन कसलं, हौस. मी कधीमधी व्हिडिओ गेम खेळतो. रविवारी दुपारी, मटण अंगावर आलं की टीव्हीसमोर पाय पसरून तासभर. बहुतेक खेळ मी निम्म्यातच सोडतो, कारण माझा धीर निम्म्यातच संपतो. त्या सुमारास एक नवा खेळ घेतला होता. चार सोबत्यांची टोळी घेऊन, काळोखात बुडालेल्या एका देशातून गावोगाव चालत शेवटच्या बुरुजापर्यंत जायचं आणि तिथला राक्षस मारायचा. लढाई एकाआड एक; आधी आपल्याकडच्याचा वार, मग समोरच्याचा. मला वाटलं, एकाआड एक म्हणजे निवांत असणार. पण हा खेळ बनवणाऱ्यांचा मनुष्यजातीवर काही जुना राग असावा. सोबती मेला की मेला, परत येत नाही; सगळी टोळी मेली की खेळ पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्याच गावाच्या वेशीवर एका घुबडतोंड्या राक्षसानं माझ्या सगळ्या टोळीला लागोपाठ चार वेळा लोळवलं होतं. पाचव्यांदा मी दातओठ खात बसलो असताना मागून आवाज आला.

"त्यो उभा का हाय?"

"कोण?"

"घुबड्या. मारत का न्हाय?"

"आपला नंबर आहे दाजी. आपण वार केल्याशिवाय तो करणार नाही."

दाजी खुर्ची ओढून पुढं सरकले. "आनि आपण येळ लावला तर?"

"लावा की. थांबेल."

"चहा पिऊन आलो तर?"

"तरी थांबेल."

दाजींनी त्या चोचीकडं, त्या नखांकडं, त्या रक्ताळलेल्या पंखांकडं फार आदरानं बघितलं. "लई सभ्य माणूस हाय की," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं काहीतरी मागितलं. "द्या बघू त्यो रिमोट."

मी दिला. उजव्या हातात तो नीट बसेना, म्हणून मांडीवर उशी घेऊन त्यावर टेकवला. अंगठा बटणाकडं निघाला. मला वाटतं कसबा बावड्याहून रंकाळ्यापर्यंत मी तेवढ्या वेळात जाऊन आलो असतो. अंगठा बटणापाशी पोचला, घसरला, परत आला, पुन्हा घसरला. एरवी मी त्यांच्या हातातून रिमोट काढून घेतला असता. झटका आल्यापासून आम्ही सगळे हेच करत होतो. सदऱ्याची बटणं अक्का लावायची, चहाचा कप माझी बायको तोंडाशी न्यायची, दाजींचं वाक्य अर्ध्यावर आलं की उरलेलं मी पुरं करायचो. प्रेमापोटीच, पण करायचो. त्या दिवशी माझा हात पुढं झालाही होता. पण समोर तो घुबडतोंड्या पंख हलवत उभा होता, दाजींचं होईपर्यंत, काही न बोलता. राक्षसाला जे कळतं ते आपल्याला कळत नाही, याची मला लाज वाटली आणि मी हात मागं घेतला. अखेर बटण दाबलं गेलं. वार झाला. दाजींच्या कपाळावर घाम होता. "निघालं बघा कायतरी," ते म्हणाले.

त्या दिवसापासून रिमोट त्यांचा झाला, आणि त्यांनी आपला खेळ पहिल्या गावापासून नव्यानं मांडला. सकाळी डॉक्टरीणबाई, दुपारी राक्षस. खेळ इंग्रजीत, म्हणून मी शेजारी बसून सांगायचो. पण दाजींची खेळायची रीत बघून सांगणं विसरून मी नुसता बघत राहायचो. गावात शिरलं की ते तिथल्या प्रत्येक माणसाशी बोलणार. अशा खेळांत रस्त्यावरच्या माणसांना एकच वाक्य पाठ असतं. विहिरीवरची बाई दर वेळी "आज वारा फार आहे" एवढंच म्हणते. दाजी येताजाता तिच्याशी थांबून बोलायचे. मी म्हटलं, पुढं काही बोलणार नाही ती. तर म्हणाले, "आमच्या गावात बी हायती तसली. म्हणून काय न बोलता जायचं?"

टोळीतल्या चौघांना त्यांनी नावं दिली. मोठी तलवारवाली ती थोरली. जखमा बांधणारी ती डॉक्टरीणबाई. धनुष्यवाला तिरपा. आणि चौथे कंदीलवाले अण्णा. हे अण्णा म्हणजे एक वाकलेला म्हातारा. शस्त्र नाही, ताकद नाही, त्यांचा नंबर आला की ते हातातला कंदील वर धरतात आणि भोवतालचा काळोख जरासा विरळ होतो. बस्स. पहिल्याच गावातल्या धर्मशाळेत त्यांना सोडायची सोय आहे आणि बदल्यात दोन कुऱ्हाडींचा एक पहिलवान मिळतो. इंटरनेटवर ज्यानं त्यानं लिहून ठेवलंय की पहिलं काम म्हणजे या म्हाताऱ्याला सोडा. मीही सोडला होता. मागं वळूनसुद्धा बघितलं नव्हतं.

"ह्यास्नी का सोडायचं?" दाजींनी विचारलं.

"उपयोगाचे नाहीत दाजी. एक वार करत नाहीत."

दाजींनी पडद्यावरच्या अण्णांकडं बघितलं. मग म्हणाले, "घरनं संगं निघाल्यात न्हवं? असू दे." आणि त्यांनी अंगठ्यानं 'नको' दाबलं. त्यापुढच्या प्रत्येक गावात खेळ तोच प्रश्न विचारायचा, आणि प्रत्येक गावात दाजी तेवढ्याच शांतपणे 'नको' दाबायचे. पुढं पुढं तर अण्णांचा नंबर आला की माझी बायको स्वयंपाकघरातून ओरडून विचारायची, "अण्णा बरे आहेत ना?" आणि दाजी सांगायचे, "हायती. कंदील धरलाय."

त्याहून मोठा वेडेपणा पुढंच होता. थोरलीला जादा चालीची विद्या येते. आपला वार झाला की दुसऱ्याचा नंबर तोडून तिला लगेच आणखी एक वार करता येतो. सगळ्या खेळातलं सर्वांत जबरदस्त हत्यार. जग त्याच्याच जोरावर पुढं जातं. मी हे हौसेनं समजावून सांगितलं, तर दाजींचा चेहराच उतरला.

"म्हंजे मधी घुसायचं?"

"घुसायचं असं नाही हो, तो नियमच आहे."

"कुणाचा नंबर जातोय त्येच्यात?"

"तिच्या मागं जो असेल त्याचा. बहुतेक वेळा अण्णांचा."

"मग न्हाय," दाजी म्हणाले, आणि विषय संपला. दूध संस्थेत तीस वर्षं ज्यानं सरपंचांना मधी घुसू दिलं नाही तो थोरलीला काय घुसू देणार! मी कपाळाला हात लावला. जादा चालीशिवाय, एक सोबती कंदील धरून उभा, अशा टोळीनं तो खेळ पुरा करणं म्हणजे पायात पोतं अडकवून पन्हाळा चढणं. मी त्यांना तसं सांगितलंही. दाजी म्हणाले, "चढतंय की माणूस. येळ लागतोय."

आणि खरोखर ते चढले. मी शप्पथ घेऊन सांगतो, असला खेळ मी बघितलेला नाही. कुणी जखमी झालं की दाजी लढाईतून माघार घ्यायचे. खेळात माघारीचं बटण आहे, पण ते दाबलं की राक्षस पुन्हा ताजातवाना होतो आणि सगळं पहिल्यापासून. मी असतो तर ते बटण मेलो तरी दाबलं नसतं. दाजींनी एका राक्षसासमोर नऊ वेळा दाबलं. मला अपमान वाटायचा. "माघार कसली ओ," ते म्हणायचे, "उद्या परत जायाचंच हाय की." आणि ते नुसते जायचे नाहीत, बघून यायचे. त्यांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण राक्षस कळत होते. "डोळं बघू नका त्याचं, शेपटी बघा. म्हस लाथ मारायच्या आधी शेपटी थांबवती. ह्यो बी थांबवतोय." मी बघितलं, खरंच थांबवत होता. कुठल्या तरी परदेशातल्या माणसांनी बनवलेला राक्षस, आणि त्याचा मोठा घाव कधी येणार हे राधानगरीकडचा एक माणूस गोठ्यातल्या अकलेवर ओळखत होता. दिवाळीला आठवडा उरला असताना टोळी बुरुजाच्या पायथ्याशी पोचली, चौघंही जिवंत.

बुरुजावरच्या राक्षसाची गंमत तिथं गेल्यावर समजली. त्याच्यासमोर जो जादा चाल वापरतो, त्याच्या टोळीवर तो दर वेळी दोन जादा घाव घालतो, आणि ते पडतात ज्याचा नंबर तोडला त्याच्यावर. सगळं जग त्याच्या हातून मरत होतं ते यामुळंच, कारण एव्हाना घुसायची सवय सगळ्यांना लागलेली. दाजींच्या टोळीला ती नव्हती. त्यांच्यासमोर तो राक्षस निम्म्या जोरानंच लढायचा. हे ध्यानात आलं तेव्हा मी उठून दाजींना वाकून नमस्कार केला. त्यांना कळेना कशाबद्दल. "औक्षवंत व्हा," ते म्हणाले, आणि पुन्हा शेपटीकडं बघायला लागले.

अक्काचा फोन आला. व्यापारी परवा येणार होता. "मूठ वळतीया का?" तिनं विचारलं. मी दाजींच्या हाताकडं बघितलं. अंगठा चालत होता, पहिली दोन बोटं मिटत होती, पुढची दोन वाकून थांबायची. "थोडी थोडी," मी म्हणालो. अक्कानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला दाजींनी बुरुजाचं दार उघडलं, आणि जेवायची वेळ टळून गेली तरी लढाई सुरू होती. मी कचेरीत रजा टाकली होती. कारण म्हणून 'घरगुती अडचण' लिहिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. बायकोनं कुकर बंद केला, कारण शिट्टीनं दाजींचं लक्ष जाईल. राक्षसात आता थेंबभर जीव उरला. थोरलीचा एक वार, की खलास. पण राक्षसाची शेपटी थांबली होती, आणि नंबर होता अण्णांचा. अण्णांचा, मग राक्षसाचा, मग थोरलीचा. राक्षसाचा मोठा घाव नेहमी त्याच्या आधी ज्याचा नंबर त्याच्यावर पडायचा, म्हणजे तो सरळ अण्णांवर येणार आणि अण्णा त्यातून वाचणार नाहीत, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. त्यानंतर थोरली एका वारात काम संपवणार, हेही दिसत होतं. महिनाभराचा खेळ, एका कंदिलाच्या अंतरावर.

"दाजी, जिंकलात!" मी ओरडलो. "काहीही दाबा. अण्णा गेले तर गेले, पुढच्या वाराला संपतोय तो!"

दाजींचा अंगठा उचलला गेला आणि त्यांनी झटकन माघार दाबली. झटकन. तीस वर्षांत मी या माणसाला काही झटकन करताना पहिल्यांदा बघितलं. चौघं बुरुजाखाली आले, कंदिलासकट, आणि वर राक्षस पुन्हा धडधाकट उभा राहिला.

मला राग आवरेना. "अहो दाजी, खेळ आहे हा! नुसता खेळ!"

"खेळच हाय न्हवं?" दाजी म्हणाले. "मग गडबड कसली?" आणि रिमोट टीपॉयवर ठेवून जेवायला उठले. मी मात्र त्या दिवशी जेवलो नाही. खरं सांगतो, मी रुसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाडीनं गावी घेऊन गेलो. व्यापारी आधीच येऊन कट्ट्यावर बसला होता. दाजींनी त्याला रामराम केला, हातपाय धुतले आणि थेट गोठ्यात जाऊन चंद्रीच्या कासेखाली बसले. चंद्रीनं मान वळवली, दाजींना हुंगलं आणि स्थिर उभी राहिली. उजव्या हातानं सड धरला. एक धार बादलीत वाजली. दुसरी वाजली. तिसरीला बोटं उघडली. त्यांनी पुन्हा धरलं, पुन्हा उघडली. व्यापारी घड्याळ बघत होता. अक्का पदर तोंडाशी धरून उभी होती. दाजी प्रयत्न करत राहिले, आणि म्हैस पाय न हलवता थांबून राहिली, आणि तरीही बोटं मिटली नाहीत. शेवटी दाजींनी हात मांडीवर ठेवला आणि खाली मान घालून बसले. ती मान मी कधी खाली गेलेली बघितली नव्हती. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

तेव्हा अक्का पुढं आली. तिनं दाजींना उठवलं नाही, नुसतं "जरा सरा पुढं" म्हणाली आणि स्वतः धारेला बसली. चंद्रीनं पाय उचलला. दाजी उठून चंद्रीच्या तोंडाशी गेले, तिथंच गव्हाणीवर टेकले आणि तो न वळणारा उजवा हात त्यांनी तिच्या कपाळावर ठेवला. "आगं, घरचीच हाय," असं काहीतरी पुटपुटले. चंद्रीनं उचललेला पाय हळूच खाली टेकवला. अक्काच्या हाताखाली धार लागली आणि बादली भरून फेस वर आला तरी लागून राहिली. व्यापाऱ्यानं सगळं बघितलं, चहा संपवला आणि उठला. "ही म्हस न्यायची म्हंजे तुमच्या मालकास्नी बी गाडीत घालायला लागंल," तो अक्काला म्हणाला. "ठेवा तुमची तुमच्यापशी." अक्का हसता हसता रडायला लागली.

याला आता सहा महिने झाले. बुरुज अजून उभा आहे. माझ्याकडच्या यंत्रात ती टोळी अजून पायथ्याशी थांबलेली आहे आणि मी तिला हात लावलेला नाही, कारण तो खेळ माझा नाही. मागच्या रविवारी गावी गेलो तेव्हा संध्याकाळची धार चालली होती. डासांसाठी कोपऱ्यात धुरी घातलेली. अक्का कासेखाली, दाजी गव्हाणीवर, हात चंद्रीच्या कपाळावर. मी म्हटलं, "दाजी, या की चार दिवस कोल्हापूरला. राक्षस वाट बघतोय."

"येतो की," दाजी म्हणाले. मग त्यांनी हाताखालच्या कपाळाकडं बघितलं, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी कधी न ऐकलेल्या आवाजात, थोडं मिरवत, म्हणाले, "पर दोन्ही येळंला मी लागतोय हितं. मी उठलो की दूध थांबतंय." अक्का कासेखालून म्हणाली, "खरं हाय रं त्ये." मला एवढं बरं वाटलं की डोळे भरून आले, आणि धुराचं निमित्त करून मी ते तिथंच पुसले.